एकतीस नंबरचा खण

बस आता दोन थांबे आधीच वळते,
म्हणून चालत आले, कालव्याच्या कडेने,
जिथे कॉफीची गोदामं होती
आणि पोत्यांचा कडवट वास कपड्यांत बसून घरापर्यंत यायचा.
आता काचेची घरं. बाल्कनीत, कुंड्यांत ऑलिव्हची झाडं,
हँबुर्गच्या या वाऱ्यात बिचारी
गोणपाटाची कानटोपी घालून उभी.

कोपरा मात्र तसाच.
पिवळट काच, आत जाळीचा पडदा,
पाटीवरच्या नांगराचा निऑनचा एक हात कधीचाच विझलेला.
दार खांद्याने ढकलावं लागतं,
हे खांद्याला आठवलं, मला नाही.

आत धूर. बरणीत मिठाच्या पाण्यातली अंडी.
कुणी न खेळताही मशीनवर फिरणारी लिंबं आणि चेरी.
आणि गेशे:
केस पांढरे, चष्मा दोरीला, हात तेच,
एका पंजात पाच ग्लास धरणारे.
तिने मला नखशिखांत पाहिलं
आणि म्हणाली, "एकतीस. तुझा दंड झालाय."

एवढंच. अकरा वर्षांनी.

भिंतीवर, संडासाच्या दाराशेजारी,
राखाडी पत्र्याची ती पेटी, साठ खणांची.
आमची भिशी.
दर शुक्रवारी आपापल्या फटीत निदान पाच,
चुकलं तर एक युरो दंड.
डिसेंबरात पेटी उघडायची, दंडाच्या पैशांतून सगळ्यांना बदकाचं जेवण,
बाकी ज्याचं त्याला: कुणाची कवळी, कुणाच्या नातवाची सायकल,
कुणाचे पुन्हा इथेच, गल्ल्यात.
मी एकदा वॉशिंग मशीन घेतलं.
नवऱ्याला सोडून वरच्या मजल्यावर आले
ती अनामतही याच फटीतली.
चौदा वर्षं पायाखाली फाशांचा खडखडाट ऐकत झोपले.
मग भाडं वाढलं. पुन्हा वाढलं.
मग एक कागद आला, फार गोड भाषेतला.
बहिणीकडे गेले, पुलापलीकडे. इथे सांगायचं राहून गेलं.
राहून कसलं. लाज वाटली.

गेशेने वही काढली.
माझ्या रकान्यात दर शुक्रवारची फुली,
पाचशे एकाहत्तर फुल्या, शाई बदलत गेलेली.
"नाव खोडायचंस ना," मी म्हटलं.
"खोडायला अर्ज लागतो. तू केला नाहीस."

तीस नंबरच्या फटीवर काळी चिकटपट्टी.
हिनर्क. क्रेनवर चाळीस वर्षं, आणि फाशांत सरळ सरळ लबाड.
मी काही विचारलं नाही.
वीसवर नुरेत्तीन आहे अजून, चहा पितो, पाच टाकतो, जातो.
"आणि बारा?"
बारावर एक पोरगी, निळ्या केसांची,
त्या काचेच्या घरांतली.
पहिल्यांदा आली ती फोटो काढायला.
"आता एक शुक्रवार चुकवत नाही," गेशे म्हणाली,
"फक्त अंडी खात नाही."
मी त्या लोकांवरचा राग वाटभर जपून आणला होता.
तो आता कुठे ठेवावा कळेना,
परक्याच्या घरात ओली छत्री धरून उभं राहावं तसं झालं.

इमारत विकली गेलीय. मार्चपर्यंतची मुदत.
हे तिने ग्लास पुसता पुसता सांगितलं, उद्याचं हवामान सांगावं तसं.
"पेटीचं काय?"
"पेटी बँकेची. बँकेची ती शाखाच गेली.
न्यायला कुणी आलं नाही."

पाकीट उघडलं. पाचशे एकाहत्तर कुठून असणार माझ्याकडे.
पाचाची नोट घडी करून फटीशी नेली,
तर गेशे म्हणाली, "नाणी टाक. नोट ऐकू येत नाही मला."

म्हणून दोन, दोन, एक.
रिकाम्या पत्र्यावर पहिलं नाणं
एवढ्या मोठ्याने पडलं की फासे थांबले.
"कोण आलं?" कोपऱ्यातून डेटलेफने विचारलं,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन.

"वरची," गेशे म्हणाली.