सतरा नंबरची प्लेट

फतेहगंजच्या बाजूला, डिपार्टमेंटच्या मागच्या जिन्याखाली
आमची अंधारखोली. पूर्वी तिथे झाडू ठेवत.
दार लावायचं, फटीला काळा कपडा खोचायचा
आणि दहा मिनिटं नुसतं बसायचं.
डोळ्यांना ट्यूबलाइट विसरायला तेवढी लागतात.

मग दिसतं. आधी वाटतं भास,
मग कडा येते, ठिपके येतात:
वेरावळच्या म्हाकुळाच्या अंगावरून उचललेले जीवाणू,
समुद्र सोडून इतक्या आत, बडोद्यात,
काचेतल्या बोटभर मिठागरावर
निळसर जागे.

फणसेबाई म्हणायच्या, हे विकर म्हणजे सावकाश माणूस.
दुसरी विकरं सेकंदात हजार कामं उरकतात,
याला एकाच कामाला दहा-वीस सेकंद.
फ्लेविन धरतं, त्याच्यावर ऑक्सिजन बसवतं
आणि थांबतं.
तो अर्धवट रेणू कुशीत झाकून थांबतं,
लांब शेपटीचा अल्डिहाइड येईपर्यंत.
आला, की अल्डिहाइडचं आम्ल होतं,
ऑक्सिजनचा एक अणू त्यात जातो, दुसरा पाण्यात,
आणि जे एरवी नुसतं तापून गेलं असतं
त्याचा उजेड पडतो.
"दर खेपेला नाही हं," बाई चष्मा पुसत म्हणायच्या,
"दहातून दोन-तीनदा. बाकीचे कष्ट."

एकटा जीवाणू उजेड पाडत नाही, हेही तिथेच शिकले.
प्रत्येक जण एक रेणू बाहेर टाकत राहतो,
पाण्यात तो पुरेसा साठला म्हणजे समजायचं, आपण बरेच आहोत.
तेव्हा जनुकं उघडतात.
याला शास्त्रातही कोरमच म्हणतात.
मला हसू आलं. दांडिया बाजारात आमच्या मराठी मंडळाच्या सभेला
बाबा इस्त्रीचा सदरा घालून जायचे
आणि कोरम नाही म्हणून पाऊण तासात परत यायचे,
सदरा तसाच हँगरला.

माझी सतरा नंबरची प्लेट मात्र
गच्च भरलेली असूनही काळी.
चार महिने. कोरम होता, मीठ होतं, हवा होती.
विकरच मोडलंय, की त्याला हवं ते कुणी करत नाही?
वरून डिकॅनल लावला की कळलं असतं,
पण बाटली मुंबईहून निघाली होती म्हणे,
आणि निघालेलीच राहिली.

त्या रात्री जेसंगभाई किल्ल्या घ्यायला आले.
मी म्हटलं, दार लावा, उजेड येतो.
ते स्टुलावर बसले. अंधारात काहीतरी सोलू लागले.
अंधारखोलीत खायला सक्त मनाई; मी बोलणारच होते,
तेवढ्यात संत्र्याचा वास आला, तिखट, नाकात चढणारा,
आणि टेबलाच्या त्या टोकाला,
जिथे काहीच नव्हतं,
काहीतरी होतं.

धुराइतकं. नजर सरळ रोखली की नाहीसं,
जरा बाजूला पाहिलं की पुन्हा.
मी चाचपडत साल मागून घेतली, झाकणाच्या आत चिकटवली.
सतरा नंबर हळूहळू वर आला,
एकेक वसाहत, एकेक टिंब,
जसं कुणी पत्ता आठवून आठवून सांगावा.

विकर शाबूत होतं. चार महिने
फ्लेविन धरून, सोडून, परत धरून बसलं होतं.
साखळीतला एक दुवा घरात बनत नव्हता, एवढंच.
त्याचा धाकटा भाऊ संत्र्याच्या सालीत असतो
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

जेसंगभाई म्हणाले, "ल्यो बेन," आणि फोड पुढे केली.
मी खाल्ली. नियम मोडला.
ते उठले, फटीतला कपडा सरकला,
जिन्यावरच्या बल्बचा पट्टा आत आला
आणि प्लेट पुन्हा कुठलीही प्लेट झाली.

नोंदवहीत तारीख, तापमान, वेळ लिहिली.
'काय मिसळले' या रकान्यात
खूप वेळ पेन टेकवून ठेवलं, मग लिहिलं: संत्रं.

सोमवारी बाईंनी वही परत दिली.
मला वाटलं, आता बोलणी बसणार.
समासात लाल शाईने एवढंच होतं:
किती अंतरावरून?