ळ

अठरा वर्षं मी चोपड्याच्या बातम्या वाचल्या,
भटूशेठच्या केबलवर, साडेसातला.
मागे निळी चादर, पुढे टेबलफॅन.
वाचताना तो बंद करावा लागे,
म्हणून एप्रिल-मेच्या सगळ्या कॅसेटींत
माझं कपाळ चमकतं.

पहिल्याच दिवशी शेठ म्हणाले होते,
वैजयंता, घरात काय बोलायचं ते बोल,
इथे केळीला केयी म्हणायचं नाही.
महिनाभर आरशापुढे मी
डोळा, काळा, पिवळा, जवळ,
जीभ मागे वळवून टाळूला टेकवत राहिले.
सासूबाई आतून विचारायच्या,
काय व माय, दात दुखतस का?

मग माणसं मोबाइलमध्ये राहायला गेली.
गच्चीवरच्या छत्रीत बायकांनी कुरडया वाळवल्या,
शेठच्या काळ्या वायरींवर टॉवेल आले.
उखा लाइनमनने एकदा केसाएवढी काच
अंगठ्यावर धरून दाखवली:
वहिनी, आख्खा तालुका जातो यातून.
मला तर ती दिसलीसुद्धा नाही,
ऊन लागल्यावर नुसती चमकली.

शेठनी कनेक्शनं पुण्याच्या कंपनीला विकली,
घरटी दोनशे रुपये.
कॅसेटींचं कपाट त्यावर फुकट गेलं.
त्या कपाटात मी होते,
हे तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही,
माझ्याही.

आता सकाळी सहाला मी सगळ्यांच्या फोनमध्ये बोलते.
केळीचा भाव, लाइट कधी जाणार,
ड्रोनने फवारणी, एकरी किती.
यातलं काहीच मी वाचलेलं नाही.
मी तेव्हा कळण्याची भाकरी थापत असते
आणि शेजारच्या ओट्यावरून मला मी ऐकू येते,
सर्दी नाही, धाप नाही,
पान उलटल्याचा आवाजही नाही.

गिरणीत सुपडू पाटलांनी मला अडवलं.
काल अठराशे सांगितले तुम्ही,
व्यापारी पंधराशेवर अडून बसला.
म्हटलं, भाऊ, मी कुठे सांगितले?
ते म्हणाले, आवाज तर तुमचाच होता.
गिरणीवाल्याने पट्टा थांबवून ऐकलं.
मी पिठाचा डबा उचलला आणि घरी आले.

परवा पुण्याहून एका मुलीचा फोन.
गोड बोलली. मॅडम, एक दोष सापडलाय,
पन्नासेक वाक्यांमागे एकदा
सिस्टीम केळीला केयी म्हणते.
कुठून आलं, कळत नाहीये.

मला कळलं.
वादळाची रात्र. तिन्ही बाजूंच्या तारा तुटलेल्या,
शेठचं जनरेटर धडधडतंय,
लिहून द्यायला कुणी नाही, कागद नाही,
पोरं दारात येऊन गावांची नावं ओरडतायत
आणि मी तीन तास सांगतेय,
बठी केयी आडी पडनी, मंडई, बठी केयी.
त्या रात्री शेठनी मला टोकलं नाही.
ते कॅमेऱ्यामागे खाली बसले होते.
त्यांचीही बाग होती.

मुलीला यातलं काही सांगितलं नाही.
तिने दोनशे शब्दांची यादी पाठवली,
प्रत्येकात ळ, शब्दामागे पाच रुपये.
शांत खोलीत वाचा, म्हणाली.

दुपारी पंखा बंद केला,
फोन मिठाच्या बरणीला टेकवला.
काळ. वेळ. गाळ. बाळ. निवळ. ओंजळ.
घाम कानामागून उतरत होता,
जीभ मात्र नोकरीला होती तशीच चोख.
मग आलं, आभाळ.
खिडकीतून सातपुड्याकडे पाहिलं,
तिकडे पांढरं रखरखीत काहीतरी होतं.
त्याला ळ लावावासा वाटेना.
आभाय, म्हटलं,
आणि पुढचा शब्द घेतला.

आज बँकेचा मेसेज आला.
नऊशे पंचाण्णव जमा.