नंबराची जागा

बाबा प्रेसमध्ये होते, नाशिक रोडला,
चौतीस वर्षं नंबर घालायच्या मशीनवर.
कागद त्यांच्याकडे यायचा तो सगळा छापूनच,
नक्षी, सिंह, रंगांत लपवलेले रंग,
फक्त एक चौकोन कोरा.
"बाकी सगळं वरून ठरून येतं," ते म्हणायचे,
"तेवढी जागा सोडलेली असते."
नंबरही ठरलेलाच असतो की, मी म्हणायचे.
"नोटेचा, हो. ती कागदाची असते."

आणि हसायचे हनोक पेझारकर,
ज्यांची रोज संध्याकाळी गेटवर झडती व्हायची.
डबा उघडा. चपला काढा. हात वर.
"वरच्याच्या फाटकावर झडती नसते, पोरी.
म्हणून तर तिथून निघून जाता येतं."

शुक्रवारी दुपारी मनुका भिजायच्या,
पिंपळगावच्या, काळ्या, देठासकट.
कुस्करून, गाळून, तीन पेले.
तिसरा एझ्राचा.
एझ्राला जाऊन सात वर्षं झाली.
राहतो देवळालीत, बसने वीस मिनिटं.
जाताना म्हणाला होता, वर कुणी नाही,
आणि असेल तर मला नको.

जा ना, घेऊन या त्याला, मी म्हटलं.
बाबा फडकं पिळत होते.
"गेलो तर येईल तो.
पण मग तो आलेला नसेल, सिपोरा,
मी आणलेला असेल."

मला राग आला. हे कसलं प्रेम,
जे साधी रिक्षाही करत नाही?

आणि मी? मी तर कुठे गेलेच नव्हते.
आई गेल्यापासून दिवा मीच लावत होते,
काचेचा, खोबरेल तेलाचा.
काडेपेटीकडे हात जायचा
पेंगुळलेल्याचा चादरीकडे जातो तसा.
मी राहिले होते.
निवडलं कधी होतं?

थंडीतला एक शुक्रवार,
द्राक्षबागांत शेकोट्या पेटायचे दिवस.
बाबांनी काडेपेटी ओट्यावर ठेवली, आत गेले.
मी हात मांडीवर ठेवून बसले.
सूर्य जेलच्या भिंतीमागे उतरला.
वेळ टळली.
आता बाबांनाही लावता येणार नव्हता,
शब्बाथ लागला होता, बटणालासुद्धा हात नाही.

ते बाहेर आले.
मी वाट पाहिली, ओरडतील,
आईचं नाव काढतील,
निदान एक उसासा.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला, माझ्या शेजारी.
मी निवडलेल्या अंधारात
ते येऊन बसले
आपल्याच घरात बसावं तसे.
लेकरांवरचा आशीर्वाद म्हटला,
एक हात माझ्या केसांवर,
दुसरा, मला वाटतं, हवेत,
एझ्राएवढ्या उंचीवर.

मग पेला. चाचपडत घेतला मी
आणि बोटं ओली झाली.
काठोकाठ.

मापात राग नव्हता.
पण दिवाही नव्हता. तो कुणी लावून दिला नाही.
गाळ जिभेला लागला, गोड, किंचित तुरट,
आणि दूर शिंद्याच्या बाजूला
कुणाच्या तरी बागेत धूर.

आज पुन्हा शुक्रवार.
आत फडकं पिळल्याचा आवाज,
मग पेले मांडल्याचा. एक, दोन.
तिसरा.
मी काडेपेटीतल्या काड्या मोजते, अकरा.
सूर्य अजून भिंतीच्या वर आहे,
वीतभर.