दिवा मालवेपर्यंत

टेबलाखाली सहा कपॅसिटर आहेत,
भंगारातल्या गाड्यांच्या स्टिरिओमधून काढलेले,
तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जखडलेले,
निळे, गुबगुबीत, दिसायला अगदी गरीब.

"रिकामा असला की तो कुणाचा नसतो,"
आपोंदी मावशी म्हणायची,
"समोरच्याचं ताटच ओढतो."
पहिल्याच दिवशी मी वायर थेट जोडली
आणि पॉवर सप्लायला उचकी लागली.
टक्, बंद. टक्, बंद.
बारा व्होल्टचा आकडा उभा राहायचा
आणि गुडघ्यांतून मोडायचा.
"कोण आठवण काढतंय रे त्याची?"
मावशी हसली, आणि मधे तिने बल्ब घातला,
बोडा-बोडाच्या हेडलाइटमधला, साधा, तारेचा.

तापला की अडवतो, निवला की वाट देतो.
आधी भगभगीत. मग पिवळा.
मग राखेतल्या निखाऱ्याएवढी तार.
मग काहीच नाही.
"काहीच नाही म्हणजे तयार."

सगळ्या म्बिटा गावात दिवा लागला की काम सुरू होतं,
आमच्याकडे दिवा गेला की.

तांब्याच्या दोन सुया निकेलच्या पट्टीवर,
खाली सेल, पाय पेडलवर.
दीड मिनिटाची साठवण
पापणी लवायच्या आत संपते.
उरतात दोन ठिपके, देवीच्या व्रणांसारखे,
आणि बल्ब पुन्हा भगभगतो,
जणू काही झालंच नाही.

आवसेच्या आठवड्यात कोळ्यांची रांग लागते.
चांदणं नसलं की ओमेना दिव्याकडे धावतात,
सगळं नाम लोल्वे दिव्यांनी भरून जातं
आणि प्रत्येक दिव्याच्या पोटात आमचं टाचण.
त्या संध्याकाळी मावशी होमा बेला गेली होती.
ऊन उतरलेलं, रांग कुरकुरत होती,
शेवटचा दिवा ओबिएरोचा.
तार अजून लाल होती.
तेवढ्याने काय होतंय, म्हणालो मी मनात,
आणि पाय दाबला.
ठिणगी उडाली की. ठिपकेही उमटले.
वरून काय कळतंय?

तिसऱ्या दिवशी ओबिएरो आला.
ओठ फुटलेले, तळहात वल्ह्याने सोललेले.
दिवा टेबलावर ठेवला. ओरडला नाही.
एवढंच विचारलं,
"दुरुस्तीचे किती?"

मावशीने झाकण उघडलं, पक्कड माझ्या हातात दिली.
"ओढ."
चांगला टाका सुटत नाही, निकेल फाटतं,
आपला तुकडा मागे ठेवून जातं.
ही पट्टी अख्खी हातात आली,
गोंद न लावलेल्या तिकिटासारखी.
खाली सेल गुळगुळीत. कुठे चावा म्हणून नाही.
मावशीने माझ्याकडे पाहिलंही नाही.
बल्ब पुसला फक्त,
आणि तो होता तिथून उचलून
गिऱ्हाइकांच्या बाजूला, खिळ्याला टांगला.

आता रांग लागते तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत बसतात.
कुणी शेंगा सोलतो, कुणी जाळ्याची गाठ मारतो.
ओबिएरो सगळ्यांत पुढे, पाटावर.
परवा आभाळ भरून आलं होतं, सगळ्यांना घाई,
मलाही. माझा पाय पेडलवर गेला.

"लाल आहे अजून,"
शेंगेवरची नजर न उचलता तो म्हणाला.

मी पाय काढला.