तांडेलची प्रत

लॅमिंग्टन रोडवर, रविवारी बंद असलेल्या
ट्रान्झिस्टरच्या एका दुकानाच्या पायरीशी
आम्ही घडीचं टेबल मांडायचो.
टेबल अल्ताफ मुकादमच्या आत्याचं, शिवणवर्गातलं,
कडेला इंचांच्या खुणा, निळ्या खडूच्या.

शनिवारी रात्रभर माझ्या खोलीत सीड्या जळत.
आम्ही ‘जळत’ म्हणायचो, आई दचकायची.
एकीला अकरा मिनिटं. दर पाचवी फुकट जायची,
ती बाबा गॅलरीतल्या मिरचीवर टांगत
कबुतरांसाठी.
उरलेल्या फुकट वाटायच्या होत्या.

नीलाक्षी मार्करने प्रत्येकीवर नाव लिही,
खाली आवृत्ती, त्याखाली घरचा नंबर:
अडलात तर फोन करा.
तिचा ळ गाठ सुटल्यासारखा.

‘कितीला?’
‘पैसे नाहीत घेत.’
‘मग नको.’

‘फुकट नाही हो, मुक्त,’ मी म्हणायची.
एक पेन्शनर थांबले. ‘मुक्त? कुठून सुटलंय?’
मला उत्तर सुचेना. चार पानी परवाना पुढे केला.
त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं,
आणि ‘बरंय, चालू द्या,’ म्हणाले,
भजनी मंडळाला म्हणावं तसं.

शेजारी तांडेल.
प्लास्टिकवर तोच माल, जो दुकानात दहा हजारांना,
पन्नास रुपयांत. किल्लीचा नंबर झेरॉक्सच्या चिठ्ठीवर.
त्याच्याकडे रांग.
‘पोरांनो, वीस रुपये लावा,’ तो सांगायचा,
‘दाम नाही त्यात दम नाही, असं वाटतं गिऱ्हाइकाला.’

शिट्टी झाली की तो चार सेकंदांत नाहीसा,
आम्ही टेबलासकट उभे.
हवालदाराने एक सीडी उचलली,
तिच्यात मिशी पाहून घेतली.
‘कोणाचं चोरलंय?’
‘कोणाचंच नाही.’
‘विकता?’
‘नाही.’
‘मग उन्हात का उभे?’
हाही प्रश्न परवान्यात नव्हता.

डिसेंबरात एक दिवस आमच्या ढिगातली एक कमी.
पुढच्या रविवारी तांडेलच्या प्लास्टिकवर चाळीस,
तीस रुपये नग.
तो आमच्याकडे बघेना. बाह्या मात्र वर सारलेल्या,
भांडण येणार हे धरून.

‘विका की,’ नीलाक्षी म्हणाली.
‘काय?’
‘परवानगी आहे. विका, वाटा, उघडून दुरुस्त करा.
फक्त पुढच्याला अडवू नका.’

तांडेल खाली बसला.
अठरा वर्षं या फुटपाथवर,
कुलपं तोडण्यात गेलेली,
आणि आता हातात असा माल
ज्याला दारच नव्हतं.
‘म्हणजे मी चोरलंच नाही?’
त्याचा आवाज जरा पडला.
अल्ताफ हसला, मग हसायचा थांबला.
मी थर्मासमधला चहा दिला. तो त्याने घेतला,
पैसे देऊ केले, मग परत खिशात टाकले.

त्याने लेबलचीही झेरॉक्स मारली होती,
नीलाक्षीच्या ळसकट, नंबरासकट.

आमच्या टेबलावरून वर्षभरात दोनशे बारा गेल्या.
त्याच्याकडून किती, त्यालाच ठाऊक.
पण रात्री दहानंतर करगुटकरांचा फोन वाजू लागला.
कळव्याहून, मानखुर्दहून,
एकदा खोपोलीच्या पतपेढीतून.
नीलाक्षीचे वडील हळूहळू शिकले:
आधी विचारायचं, वायर बसली का.

एका रात्री मीच होते तिथे. मी उचलला.
पलीकडे बाई, मागे कुकरची शिट्टी.
‘ताई, सगळा पडदा काळा झाला.
कोपऱ्यात एक रेघ नुसती लुकलुकतेय.
बिघडवलं का मी?’

नाही, म्हटलं. ते थांबलंय तुमच्यासाठी.
तुमचं नाव विचारतंय.

बराच वेळ काही नाही.
मग एकेक कळ, सावकाश,
फोनमधून ऐकू येण्याइतकी जोरात.