लॅमिनेशन

कळंबोलीला, आरटीओच्या कंपाउंडबाहेर
एकतीस वर्षं मी माणसांना प्लास्टिकमध्ये बंद करतो.
दहा रुपयांत चेहरा टिकतो.
घाम, डिझेल, चहाचे डाग,
मागच्या खिशात बसून बसून आलेला बाक,
सगळं सोसतो.

जासईचा हिराजी घरत तेव्हापासूनचा गिऱ्हाईक.
न्हावा-शेवाचा कंटेनर उचलायचा
आणि इंदूर, गांधीधाम, कुठेही टेकवून यायचा.
चाळीस फुटी ट्रेलर तो रिव्हर्स घेऊ लागला
की यार्डातले हमाल विडी हातात तशीच धरून बघत.
बावीस वर्षं. एक ओरखडा नाही.

मग मस्कतला गेला.
खिडकीतल्या साहेबाने त्याचं लायसनचं पुस्तक
आधी उलटं धरलं, मग सुलटं,
शिक्का नखाने खरवडून पाहिला
आणि म्हणाला, असलं कुणीही छापेल.
बावीस वर्षं त्या खिडकीवर शून्य झाली.
एक्केचाळिसाव्या वर्षी हिराजी
पोरासोरांच्या रांगेत बसून
उजवीकडे वळायला पुन्हा शिकला.
फी भरली ती बायकोच्या पाटल्यांतून.

"तो खोटा नाय बोलला," हिराजी सांगायचा,
"आपल्याकडं छापतातच की."
मी खाली मान घालून रोलर पुसायचो.
दोन-चार चेहरे मीही काढलेत या फटीतून,
गरम, चकचकीत,
ज्यांना क्लच कुठला ब्रेक कुठला माहीत नव्हतं.
विचारलं नव्हतं मी. दहा रुपये घेतले होते.
त्यातलाच एखादा मस्कतच्या त्या खिडकीवर
हिराजीच्या आधी पोचला असेल का,
हा हिशेब मी कधी पुरता केला नाही.

काल हिराजी दुकानात असताना त्याच्या लेकीचा फोन आला.
हर्षाली. तीन वर्षं तिने ऐरोली-वाशी बस चालवली,
आता पोलंडला, थंडीत नाक लाल झालेली.
काउंटरवर फोन टेकवून आम्ही दोघं वाकलो.
"झालं बाबा! मिनिटभरात!
त्यांनी फोनला फोन लावला.
एवढंच विचारलं, बस चालवू शकते का?
माझ्या फोनने सांगितलं, हो."
"आणि त्यांनी मानला?"
"आपल्या आरटीओची सही आहे ना आत.
एक अक्षर बदललं तर मोडते ती.
नखाने खरवडायला जागाच नाही."
"पुन्हा परीक्षा?"
"नाही. सोमवारी गाडी हातात."

हिराजीने टोपी काढली, परत घातली.
"पत्ता विचारला? जासई सांगितलंस?"
"नाही बाबा. लागतच नव्हता.
जेवढं विचारतील तेवढंच दिसतं."
"म्हणजे माझं नावपण नाय दिसलं?"
तिकडे बर्फावरून एक ट्राम गेली.
"विचारलंच नाही हो कुणी."
"बरं," तो म्हणाला,
आणि मला कळेना, तो हसतोय की काय.

फोन ठेवल्यावर त्याने पिशवीतून
ते जुनं पुस्तक काढलं. पानं सुटलेली,
फोटोत मिसरूड, पांढरा शर्ट,
कुणाकडून तरी मागून आणलेला असावा असा.
"हे कर."
"आता कशाला? चालत नाही कुठे."
"चालवायचं कुठंय? कर."

गर्दी नसते हल्ली. मशीन सकाळपासून बंदच होतं.
शाळेचे दाखले येतात, खानावळीची मेनूकार्डं.
लेकीच्या त्या सहीने माझा रोलर थंड केलाय,
आणि खरं सांगू, ज्या हातांनी
मी ते चेहरे काढले
त्या हातांना थोडं हलकंच वाटतंय.

स्विच दाबला.
गरम व्हायला आठ मिनिटं लागतात.
त्याने दहाची नोट काउंटरवर ठेवून
वर स्टेपलर ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून,
आणि आम्ही उभे राहिलो
लाल दिवा हिरवा होण्याची वाट बघत,
सिग्नलला थांबल्यासारखे.