शब्दामागे चाळीस सेंताव्हो

सोऱ्याच्या खाणीपाशी, जिथे झाड म्हणून
फक्त तारेचा खांब, तिथे मी तारा पाठवायचो.
दर शब्दामागे. पत्ता धरून.
त्यामुळे मरणाला शब्द किती लागतात
ते मला पाद्रीबाबापेक्षा नीट ठाऊक.

'देवाघरी गेला' : दोन शब्द.
'आम्हांला पोरकं करून गेला' : चार.
एवढे फक्त मॅनेजरच्या सासऱ्यासाठी लागले, एकदा.
'मेला' : एक.
माझ्याकडे बहुतेक जण मेलेच.

दोरालिसा आली ती बाहीला राख घेऊन.
एलेउतेरिओच्या अंगावर कढई उलटून दोन दिवस झाले होते.
मी पेन्सिल ओली केली. 'मेला' लिहू?
मेलं ते खेचर, म्हणाली, परवा, उतारावर.
माझ्या नवऱ्याला तो शब्द नको.
मग 'वारला'? 'निवर्तला'?
तिने मान हलवली,
जणू मी तिला दुसऱ्या कुणाचा
इस्त्रीचा कोट घालून पाहायला सांगत होतो.
किंमत तीच आहे, मी म्हटलं. सगळ्यांची तीच.
हो ना, म्हणाली. मग 'गेला' घाला.

एलेउतेरिओ गेला. दोरालिसा.
कट्ट, कट्ट कडकट्ट.
वाळवंट ओलांडून, डोंगरांवरून
थेट दक्षिणेला, पावसाळी चिलोए बेटापर्यंत.

चौथ्या दिवशी त्याच्या भावाची तार.
उत्तराचे पैसे भरलेले, दहा शब्दांचे.

कुठे गेला. किती दिवसांसाठी.

दुपारभर ती माझ्या खिशात राहिली.
इतकी वर्षं ते पाच-सहा शब्द
मी एकाच खणात टाकत आलो होतो,
एकाच मापाचे खिळे समजून.

तिने वाचली. पुन्हा वाचली.
आणि हसली, खरंच हसली, तोंडावर पदरासारखी शाल धरून.
सेगुंदोला घाई फार, म्हणाली, लहानपणापासून.
मग बाकावर बसून राहिली.
शेवटच्या गाड्या रिकाम्या होऊन खडखडत गेल्या,
मी दिवा लावला, काच पुसली,
तेव्हा उठली.

लिहा :
कोट इथेच आहे. बूटही इथेच. तू ये.

पाठवताना बोट क्षणभर अडखळलं.
माझ्या खणातलं त्यात काहीच नव्हतं.

दोन शब्द उरले, मी म्हटलं.
नियम आहे,
उरलेलं परत मिळत नाही.

माहीत आहे, म्हणाली.